घर मटण खातं, पोरगं दूध-भातावर: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

पोरगं १४ महिन्यांचं. वजन ७.९ किलो, दंडाचा घेर १२.१ सेंटीमीटर म्हणजे टेपवर पिवळा पट्टा, आणि हिमोग्लोबिन ८.९. लगेच ॲडमिट करा म्हणण्याइतकं वाईट नाही आणि चांगलं तर अजिबात नाही, अशा मधल्या जागेतलं, जिथं घरचे सगळे म्हणतात की बापाचीच अंगकाठी तशी, होईल की हळूहळू.

घर कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या पुढं रान दाट व्हायला लागतं त्या बाजूचं, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आजी, आजोबा, पोराची आई, एक काका, आणि बाप गोव्यात कामाला, पंधरवड्याला एकदा घरी. आई सकाळी आठच्या गाडीनं काजू फॅक्टरीत जाते. एक म्हैस, तीन गावठी कोंबड्या, थोडं भाताचं रान. मी त्या भागात लहान मुलांच्या आहाराचं काम करते, अंगणवाडीच्या टीचरनी हे घर दाखवलं.

सहसा लहान पोरांना अंडं-मटण का मिळत नाही हा विषय निघाला की आपल्याकडं दोनच कारणं पुढं येतात, गरिबी नाहीतर धर्म. परवडत नाही किंवा खात नाहीत, संपलं. बेळगाव भागात दुसरं कारण खोटंही नाही, लिंगायत घरं सगळीकडं, तिकडं चिकोडी-निपाणी पट्ट्यात जैन घरंही भरपूर, तिथं अंड्याचा विषय काढण्यात अर्थ नसतो आणि मी काढतही नाही, तिथं डाळ, दही, आयर्नचे थेंब असा वेगळा रस्ता धरावा लागतो. पण हे घर मराठ्यांचं. यात्रेला बकरं पडतं, बाप आला की मटण, नसला तर कधीमधी रविवारी चिकन, पावसाळ्यात सुकी मासळी. हाताशी पैसा जेमतेम पण उपाशी कोणी नाही. आणि तरी १४ महिन्यांत या पोराच्या पोटात अंडं, मटण, मासा यातलं नेमानं काहीच गेलेलं नव्हतं. घर खातं म्हणजे पोरगं खातं असं आपण सगळेच धरून चालतो, सर्व्हेतसुद्धा पहिला प्रश्न असतो घरात मांसाहार करता का, हो म्हटलं की पुढचं पान.

आदल्या दिवशी काय खाल्लं

आईला बसवून आदल्या दिवसाचं सगळं आठवायला लावलं. सकाळी उठल्यावर चहात बुडवलेला बटर (बेकरीचा कडक असतो तो, खारीच्या जातीचा). नऊला आजीनं दूध-भात. दुपारी मऊ भात आणि आमटीचं वरचं पाणी, डाळ खाली राहिलेली. चारला आजोबांच्या बशीतला चहा, हा त्यांचा दोघांचा रोजचा कार्यक्रम. संध्याकाळी वाटीभर म्हशीचं दूध, रात्री परत दूध-भात, आणि रात्रभर आईच्या अंगावरचं.

सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी जगभर एक मोजपट्टी वापरतात, आठ गटांतले निदान पाच गट दिवसात पोटात जायला पाहिजेत. आईचं दूध, धान्य, डाळी-दाणे, दुधाचे पदार्थ, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-हिरव्या भाज्या-फळं आणि बाकीच्या भाज्या-फळं. या पोराचे तीन भरले, डाळीचं पाणी उदार मनानं धरलं तर चार. आणि त्यात दूध दोन-तीन वेळा, म्हणजे पोट भरलेलं. दुधाला नावं ठेवायची नाहीत, पण दुधात लोह जवळपास नसतंच, या वयाच्या पोराला दिवसाला ८ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. वर चहा. भातातून डाळीतून जे थोडंफार लोह मिळणार तेही चहामुळं अंगी लागायचं राहतं. आजी मात्र ठाम होती, आमचं पोरगं म्हशीच्या घट्ट दुधावर वाढतंय, पॅकेटच्या पाणीदार दुधावर नाही. तिच्या हिशोबानं ते घरातलं सगळ्यात चांगलं खाणारं माणूस होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनेत या वयाच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत असं स्पष्ट म्हटलंय. रोज. आमच्याकडं मोठ्या माणसांच्या ताटातही ते रोज नसतं, त्यामुळं हे वाक्य गावात तसंच्या तसं सांगितलं तर लोक हसतात, आणि मला विचाराल तर बरोबरच हसतात. पण त्यामागची गोष्ट खरी आहे. बी-१२ झाडपाल्यातून मिळत नाही, आणि मांसातलं लोह भाजी-डाळीतल्या लोहापेक्षा कितीतरी जास्त अंगी लागतं. एवढंसं पोट, त्यात चार घास मावणार, ते चार घास भाताचेच असले तर पोट भरतं आणि रक्त भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली सहा महिने ते पाच वर्षांची ६५.५ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली, देशाचा आकडा ६७.१. म्हणजे हे पोरगं काही अपवाद नाही, अशीच पोरं जास्त आहेत.

"देतो की आम्ही त्याला मटण"

आजीला विचारलं की मटण करता तेव्हा पोराला काय देता. ती जरा रागावलीच. "देतो की आम्ही! वाटीभर अळणी पितंय बाय ते, तू काय सांगतेस." (आमच्याकडं बायकाही देतो, जातो असंच म्हणतात.)

अळणी म्हणजे काय ते बेळगाव-कोल्हापूरकडच्यांना सांगायला नको. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं, त्याचं जे पाणी सुटतं ते मसाला घालायच्या आधी थोडं बाजूला काढायचं, ते पोरांना, आजाऱ्यांना, बाळंतिणीला. रीत चांगली आहे आणि ती मोडायची काही गरज नाही. फक्त अळणीत चव असते, मीठ असतं, थोडी चरबी उतरते, पण प्रोटीन आणि लोह राहतं ते बोटीतच, म्हणजे मांसाच्या तुकड्यातच. पोरगं मटणाचं पाणी पीत होतं आणि सगळं घर मनापासून समजत होतं की ते मटण खातंय. यात कोणी खोटं बोलत नव्हतं.

मग बोटी का नाही? दात नाहीत, घशात अडकेल, हाड लागेल, पचणार नाही. दात पुढचे सहा आलेले होते पण दाढा नव्हत्या, त्यामुळं ही भीती अगदीच चुकीची म्हणता येत नाही, मटणाचा तुकडा तसाच दिला तर खरंच धोका. पण त्या दिवशी मी जेवणाच्या वेळेला तिथं थांबले तेव्हा दुसरंही दिसलं. बाप आलेला, मटण केलेलं. आजीनं वाढलं, आधी बाप आणि काका, मग घरी आलेला एक पाहुणा, मग तिनं स्वतःला आणि सुनेला. पोरगं आईच्या मांडीवर. त्याला वेगळं काही वाढलं नाही, कारण ते आईच्या ताटातलंच खाणार. आणि आईच्या ताटात तोवर रस्सा भरपूर आणि बोट्या दोन, त्यातली एक हाडाची. रस्सा तिखटजाळ, तो पोराला देता येत नाही. काळीज (म्हणजे कलेजी) तर ताटापर्यंत आलंच नाही, ते मटण शिजायच्या आधीच निखाऱ्यावर भाजून बापानं आणि काकानं चुलीपाशी उभ्या उभ्या खाल्लं, ही त्यांची लहानपणापासूनची मजा.

मला या सगळ्या प्रकरणात हे सगळ्यात मोठं वाटतं. पोराचा वाटा असा नव्हताच. तो आईच्या वाट्यात धरलेला आणि आईचा वाटा शेवटचा. कोणी त्याला नको म्हटलं नाही, कोणी मुद्दाम काही केलं नाही, पण वाढताना त्याच्या नावाची वाटीच नव्हती. लक्ष्मीच्या यात्रेला अख्खं गाव पाहुण्यांना मटण घालतं, त्या दिवसांतही अशी मांडीवरची पोरं अळणीवर झोपतात.

अंड्याचं चुलीवर अडलेलं

अंड्याचं वेगळंच निघालं. माझ्या आधी दोन वेळा कोणीतरी येऊन आईला अंडं द्या म्हणून सांगून गेलं होतं आणि तिनं मान डोलावली होती. दिलं नव्हतं. का, तर पहिल्यांदा नेहमीचं उत्तर आलं, अंडं उष्ण पडतं, अंगावर फोड उठतात. उन्हाळ्याचे दिवस, मे महिना, आमच्याकडं बरेच जण तसं मानतात. पण मग ती हळूच म्हणाली की माहेरी गेले होते (माहेर चंदगड तालुक्यात) तेव्हा माझ्या आईनं आठ दिवस रोज अर्धं अंडं भरवलं, काही झालं नाही, आवडीनं खाल्लं. म्हणजे उष्णतेचं तिला स्वतःला पटलेलं नव्हतंच.

खरं कारण आजोबांची माळ. आजोबा माळकरी, आषाढी-कार्तिकी सोडत नाहीत. घरात इतरांनी खाल्लेलं त्यांना चालतं, त्यावरून कधी भांडण नाही, पण स्वयंपाकघरात शिजवायचं नाही. गॅस आतला, तो सोवळ्याचा. मटण-चिकन बाहेर पडवीत दगडाच्या चुलीवर, भांडी वेगळी, ती पडवीतच पालथी असतात. मटण महिन्यातून दोनदा, त्यासाठी चूल पेटवणं हा एक कार्यक्रमच असतो, काका लाकडं फोडतो वगैरे. पण रोज सकाळी एका अंड्यासाठी पडवीतली चूल कोण पेटवणार? पावसाळ्यात तर लाकडं ओली, धूर नुसता. आईला आठची गाडी. त्याआधी म्हैस, पाणी, भाकऱ्या, डबा.

अंडं चालतं, पण गॅसवर चालत नाही. एवढी साधी गोष्ट आणि ती कुठल्याच समुपदेशनात विचारली जात नाही, आमच्या फॉर्मवर तसा रकानाच नाही. त्यात अंड्याचे फायदे सांगायचे, ते तिला तोंडपाठ होते. गरोदर असताना अंगणवाडीत ती रोज अंडं खात होती आणि आजोबांची काहीच हरकत नव्हती, कारण ते अंगणवाडीत शिजायचं.

आणि कोंबड्या तीन असून अंडी का नाहीत, तर तो आजीचा हिशोब. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते, मग २१ दिवस उबवणार, मग पिल्लांमागं फिरणार, वर्षाला पन्नास-साठ अंडी झाली तर खूप. त्यातली काही बसवायला ठेवायची, नाहीतर कोंबड्या वाढणार कशा, मुंगूस-घार आहेच. उरलेली आजी गावात विकते, १५ रुपयाला एक, गावठी म्हणून लोक घरी येऊन नेतात. हे पैसे तिचे. त्यातून तिची मिश्री, भिशीचा हप्ता, नातवंडांना यात्रेत दहा-वीस रुपये. घरात बाकी सगळे पैसे मुलांच्या हातातले, एवढेच तिच्या कमरेच्या पिशवीतले. आता तिला सांगा की यातलं रोज एक अंडं पोराला द्या. नातवावर जीव टाकणारी बाई, पण तिच्या एकुलत्या कमाईतून ते जाणार हे कोणी लक्षात घेतलं नव्हतं. मग दुकानातलं फार्मचं आणा म्हटलं तर ती इंजेक्शनची अंडी, त्यात काय ताकद, असं काकापासून सगळ्यांचं म्हणणं.

वारांचं लिहायलाच पाहिजे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार-शुक्रवार सौंदत्तीच्या यल्लम्माचे म्हणून आजी पाळते. उरले बुधवार आणि रविवार, त्यात एकादशी पडली की गेली. मग श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. मोठ्या माणसाला याचा काही तोटा नाही, दोन दिवस नाही खाल्लं तर तिसऱ्या दिवशी भरपूर खातो. चौदा महिन्यांच्या पोराला रविवारी भरपूर खा आणि आठवडाभर पुरव असं सांगता येत नाही.

सरकारी अंडं कोणत्या वयाला

अंड्यावरून कर्नाटकात एवढा गदारोळ झाला, २०२१ च्या डिसेंबरात आधी ७ जिल्ह्यांच्या शाळांत अंडी सुरू झाली, मठाधीशांचा विरोध, मुलांचा पाठिंबा, मग पुढच्या वर्षी सगळ्या जिल्ह्यांत, न खाणाऱ्यांना केळं किंवा चिक्की, आणि २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आठवड्याचे सहा दिवस. चांगलंच झालं. पण ते शाळेतल्या पोरांचं. त्याआधी २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेचं दूध. २०१७ पासून मातृपूर्ण, गरोदर आणि बाळंतीण बाईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण, अंडं, दूध, चिक्की. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत.

आता हे एका ओळीत मांडून बघा. बाळ पोटात असताना आईला अंडं. बाळ सहा महिन्यांचं झालं, म्हणजे त्याला स्वतःला अंडं सुरू करायची वेळ आली, की आईचं अंडं बंद. तीन वर्षांचं होऊन अंगणवाडीत बसायला लागलं की अंडं परत चालू. मधली अडीच वर्षं घरी न्यायची कोरडी पाकिटं. फारच खालावलेल्या, लाल पट्ट्यातल्या पोराला जास्तीचं मिळतं, पण आमचं पोरगं पिवळ्या पट्ट्यातलं. ज्या वयात सगळ्यात जास्त गरज, त्याच वयात योजना म्हणते घरचं घरी बघा, आणि घर म्हणजे वर सांगितलेली चूल, माळ, भिशी आणि वार.

तायी कार्डावर (आई-बाळाच्या तपासण्या-लसींचं सरकारी कार्ड, तायी म्हणजे कन्नडमध्ये आई) आहाराचं लिहिलेलं असतं, तेही कन्नडमध्ये. ही आई मराठी शाळेत सातवी शिकलेली, कार्ड फक्त इंजेक्शनच्या तारखांसाठी उघडायची. मला भाषेच्या राजकारणात इथं शिरायचं नाही, फक्त जे झालं ते सांगते.

काय केलं

भाषण काही दिलं नाही. आजोबा, आजी, आई तिघांना एकत्र बसवलं, बाप फोनवर स्पीकरवर, आणि विचारलं की अंडं शिजवायला घरात अशी जागा कुठली जिथं कोणाची अडचण नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आजीच म्हणाली, न्हाणीची चूल. आंघोळीच्या पाण्याचा हंडा ज्या चुलीवर तापतो ती, पाऊस असो काही असो, रोज पहाटे पेटतेच. आजोबांकडं सगळे बघायला लागले. ते म्हणाले, तिथं काय देव हायत काय, उकडा की. जुन्या पावडरीच्या डब्यात पाणी घालून अंडं निखाऱ्याशेजारी ठेवायचं, आजोबांची आंघोळ आवरेपर्यंत शिजतं. वेगळा वेळ नाही, वेगळं लाकूड नाही. मला हे आयुष्यात सुचलं नसतं, मी शहरातली.

आजीच्या हिशोबाचं असं ठरलं की तिची अंडी तिनं विकायचीच. एक गावठी विकलं की त्याच पैशात फार्मची दोन येतात. पोराला फार्मचं. ताकदीच्या बाबतीत दोन्हीत सांगण्यासारखा फरक नाही, रंग आणि चवीत आहे. काका मान्य करत नव्हता, तर आजीनं त्याला गप्प केलं की तू बेळगावात हातगाडीवर खातोस ते आम्लेट काय गावठी अंड्याचं असतंय? बापानं गोव्याहून येताना ट्रे आणायचा हेही ठरलं. भरवायचं पूर्ण उकडून, अर्धं अंडं कुस्करून मऊ भातात, तुपाचा थेंब. कच्चं किंवा अर्धकच्चं नाही.

मटणाचं सोपं होतं कारण अळणीची रीत घरात होतीच. अळणी काढताना त्यातच दोन चमचे बिनहाडाचं मऊ मांसही काढायचं आणि अळणी घालून भाताबरोबर मिक्सरला फिरवायचं. लाईट नसेल तर पाट्यावर, आणि पावसाळ्यात ती नसतेच. ही वाटी सगळ्यांच्या आधी भरायची, ताटं मांडायच्या आधी. काळजाचा अंगठ्याएवढा तुकडा पोराचा, नीट शिजवून, तोही आठवड्यातून एकदाच, कारण काळजात अ जीवनसत्त्व इतकं असतं की लहान पोराला रोज देऊ नये. चिकनवाला काळीज वेगळं काढून स्वस्तात देतो, त्यामुळं मटणाची वाट बघायची गरज नाही. मटण आता किलोला ७०० च्या पुढं आहे.

आणि चहा बंद, दूध दोन वाट्यांवर. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनी आयर्नचे थेंब सुरू केले ते वेगळं. कोंबड्या रात्री डालग्याखाली घरातच असायच्या आणि पोरगं तिथंच रांगायचं, तेव्हा डालगं पडवीत हलवायला लावलं, नाहीतर वरून चांगलं खायला घालायचं आणि खालून जुलाबात जायचं.

पुढं काय झालं

जून-जुलै चांगले गेले. आठवड्याला तीन-चार अंडी पोटात जात होती, आजीनं आपणहून मंगळवार-शुक्रवार पोराला सोडून दिले, यल्लम्माला पोराचं काय लागतंय म्हणाली. बाकीचे वार आणि एकादशी राहिली. मध्ये आठ दिवस थेंब बंद होते, कारण शी काळी व्हायला लागली आणि सगळे घाबरले. आयर्ननं शी काळी होतेच, हे आधी सांगायला पाहिजे असतं, आरोग्य केंद्रात कोणी सांगितलं नव्हतं.

श्रावणात सगळं थांबलं. पोराला चालेल का हा प्रश्नच कोणी काढला नाही आणि मीही ताणलं नाही, आजोबा न्हाणीच्या चुलीपर्यंत आले होते तेच खूप होतं. त्या महिन्यात मुगाचं घट्ट वरण, दही, शेंगदाण्याचं बारीक कूट असं चाललं. गणपतीनंतर परत अंडं सुरू व्हायला वेळ लागला, कारण सवय एकदा मोडली की पहाटे डबा ठेवायचा राहून जातो. बापाचा फोन आला की तो विचारायचा, अंडं दिलं काय, आणि त्यानं फरक पडला असं आई म्हणते. बाप लांब असूनही विचारतो म्हटल्यावर सासूला सांगणं तिला सोपं गेलं.

पोरगं २० महिन्यांचं झालं तेव्हा वजन ९.३, हिमोग्लोबिन १०.६. वजनाच्या तक्त्यावर खालच्या रेषेच्या जरा वर आलं. पण हे अंड्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. थेंब चालू होते, जुलाब कमी झाले, चहाही कमी झाला, आणि अंड्यात लोह असलं तरी ते फारसं अंगी लागत नाही, रक्ताचं श्रेय असलंच तर थेंबांचं आणि थोडं काळजाचं. इक्वाडोरमध्ये कोतोपाक्सी भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं देऊन बघितलं होतं, २०१७ साली ते छापून आलं, खुंटलेल्या वाढीचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झालं, आणि लगेच जगभर अंडं अंडं सुरू झालं. नंतर तसाच प्रयोग मलावीत झाला तर उंचीत म्हणावा असा फरक दिसला नाही. तिथली पोरं तळ्याकाठची, आधीच मासे खाणारी. ज्याच्या ताटात आधी काहीच नाही त्याला अंड्यानं जास्त फरक पडतो, आणि आमच्या पोराच्या ताटात काही नव्हतं.

हाच उपाय मी तीन घरं सोडून दुसरीकडं सांगायला गेले तर तिथं न्हाणीत गीझर. माळकरी कोणी नाही, गॅसवर सगळं चालतं, पण आई आणि बाप दोघंही बेळगावात उद्यमबागेत कामाला, पोरगं दिवसभर पणजीकडं आणि पणजीला डोळ्यांनी दिसत नाही, तिला अंड्याचं कवच काढायची भीती. त्या घराचं वेगळं बघावं लागेल.

या घरात चारचा चहा अजून पूर्ण सुटलेला नाही. आजोबा बशी पुढं करतात, पोरगं वाट बघत बसलेलं असतं, आजी ओरडते, रोजचंच. सुक्या जवळ्याचं पुढं बघायचं आहे, पावसाळ्यात तेच हाताशी असतं, पण मीठ फार, भिजवून धुवून भाजून पूड करावी लागेल आणि वास घरभर होणार, म्हणजे परत पडवी.

आणि आई परत गरोदर आहे, तिसरा महिना. म्हणजे अंगणवाडीचं अंडं तिला परत सुरू झालं, पोरगं मात्र अजून १६ महिने यादीबाहेरच. आजीनं विचारलं की तिथलं अंडं पदरात बांधून आणून पोराला दिलं तर चालतंय काय. आईनंच सांगितलं, मामी, ते तिथंच बसून खायचं असतं, टीचर उठू देत नाहीत. आणि मग म्हणाली, ट्रे संपत आलाय, ह्यांना फोन करून सांगा.